सप्तर्षी नसतात ते महिने

१२ नोव्हेंबर, बुधवार

ह्यांचा कॅमेरा कपाटातून काढला. हे गेल्याला दोन वर्षं झाली, त्यात पहिल्यांदा. पिशवीला डांबराच्या गोळ्यांचा वास, मीच टाकल्या होत्या. बॅटरी पार मेलेली. चार्जर लावून बसून राहिले. बऱ्याच वेळानं दिवा लुकलुकला.

नांदेडहून मनीषाचा फोन. कॅमेऱ्याचं सांगितलं. मग, "आई, आता हे कशाला काढलंस? गुडघे दुखतेत म्हणतीस आन् माळावर जाणार?" मी म्हटलं, तीनच राहिलेत. तिनं जेवलीस का विचारलं. पोरीला काही बोलायचं नसलं की ती जेवणाचं विचारते.

१४ नोव्हेंबर

मनीला फोनवर नीट सांगता आलं नाही, ते इथं लिहून बघते.

माळावरचा काळा दगड. दर अमावस्येला, रात्री आठ वाजता, त्याच दगडावर तिपाई ठेवून उत्तरेकडं तोंड करून एक फोटो. बारा महिन्यांचे बारा. ओळीनं लावले की सप्तर्षी ध्रुवाभोवती फिरताना दिसतात. ह्यांना हे एका दिवाळी अंकातल्या लेखावरून सुचलं, तो लेख मीच वाचून दाखवला होता. चैत्रापासून आश्विनापर्यंतचे झाले, माघ-फाल्गुन झाले. पावसाळ्यातल्यांना तर तीन-तीन वर्षं लागली, ढग हटायचेच नाहीत.

कार्तिक, मार्गशीर्ष, पौष राहिले. कार्तिक-मार्गशीर्षात आठ वाजता सप्तर्षी जमिनीखाली असतात. आकाशाचा तेवढा भाग रिकामा. हे म्हणायचे, "रिकाम्याला काय घाई, कवाबी काढू." पौषात पहिले दोन तारे ईशान्येला वर येतात, क्रतू आणि पुलह, अगदी जमिनीला चिकटून. म्हणजे या तीन फोटोंशिवाय सप्तर्षी कुठं गेले आणि कुठून परत आले हेच दिसत नाही. वर्तुळ तुटकं राहतं.

गेल्या वर्षी या दिवसांत मी कॅमेऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी माळ नसेल. म्हणजे असेल, पण सोलरवाल्यांचा. संक्रांतीच्या सुमारास काम सुरू होणार, मग महिन्याभरात कुंपणाला रात्रभर दिवे. तेव्हा यंदाच.

१६ नोव्हें.

कॅमेऱ्याचं पुस्तक इंग्रजीत. माझी शाळा सातवीपर्यंत. डिक्शनरी घेऊन बसले, दुपारभरात दोन पानं. त्यातलं निम्मं मला आधीच येत होतं असं निघालं. लग्नांत ह्यांच्या मागं लाइट धरून उभी राहायची तेव्हा कानावर पडलेलं. फक्त त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं.

तारा स्पष्ट कसा करायचा ते मात्र नाही कळत. अंधारात यंत्राला काही दिसत नाही, आपण हातानं फिरवायचं.

१९ नोव्हें., बुधवार. कार्तिक अमा.

गेले. आले. 

संध्याकाळी निघाले, उजेड होता तोवर वर पोचले. माळ म्हणजे काय, मुरूम आणि कुसळ. झाड नाही, पाणी नाही. ह्यांना जैसलमेरला जायचं होतं, वाळवंटावरचं आकाश काढायला. दर वर्षी लग्नसराई संपली की जाऊ. मग इथंच यायचे आणि म्हणायचे, "आपल्याकडं सगळं हाय, वाळू तेवढी टाकायची राहिली."

भुताची भीती वाटली नाही. सापाची आणि कुत्र्यांची वाटली. एकदा तर माझ्याच स्वेटरच्या बाहीची वाटली.

थंडीत काचेवर दव धरतं. ह्यांची युक्ती: खडेमीठ तव्यावर तापवायचं, फडक्यात बांधायचं, ती पुरचुंडी भिंगाभोवती गुंडाळायची. घरून तापवून नेलं, कपड्यात लपेटून. वरपर्यंत ऊब राहिली.

पहिले सगळे फोटो धूसर. तारे म्हणजे कापसाची बोंडं. मग लांबच्या निलंग्याच्या टॉवरचा लाल दिवा धरून काच फिरवली, तो टिकलीएवढा झाला, आणि तिथंच सोडलं. वीस सेकंद. शटर बंद झाल्याचा आवाज ऐकला आणि

असो. शर्मिष्ठेचे पाच तारे आले वरती. खाली ध्रुव. त्याच्याखाली काहीच नाही. तेच हवं होतं.

कार्तिक झाला.

२० नोव्हें.

अंग मोडून आलंय. पुरचुंडी वरच राहिली. ह्यांच्या निळ्या सदऱ्याचं फडकं होतं. जीव हळहळला, पण आज परत चढवत नाही.

२३ नोव्हें., रविवार

आक्का आल्या होत्या. थोरल्या जाऊबाई. भिंतीपलीकडंच राहतात, पण आज दारातून आल्या. चहा नको म्हणाल्या. तेव्हाच कळलं, काहीतरी आहे.

"सुमन, आमावशेला माळावर काय करायलीस गं तू?"

"फोटो काढायला गेल्ते."

"आमावशेला? कशाचा फोटो, अंधाराचा?"

"अंधाराचाच म्हणा."

मग हळूहळू बाहेर आलं. धुरपताबाई शेळ्या घेऊन माळावर गेली होती. दगडावर तिला मिठाची पुरचुंडी सापडली. पुरुषाच्या कपड्यात बांधलेली, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. शेळ्या तिथंच टाकून ती गावात पळत आली. तेव्हापासून गावात एकच: भानामती.

मी हसले. आक्का हसल्या नाहीत.

"बाळाच्या अंगावर पुरळ उठलंय," म्हणाल्या. बाळ म्हणजे त्यांचा नातू, सहा महिन्यांचा. "रेणुका रात्रभर रडली. माझं मन न्हाई म्हणतंय गं. पर ती लेकराची माय हाय, तिला काय सांगू?"

मिठाचं समजावून सांगितलं. दव, काच, ऊब. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मला कळलं. आता धुरपतीला तू सांग, बघू."

जाताना दारात थांबल्या. "आन् यंदा येळवसला तू शेतात येऊ नको. रेणुका घाबरती. एका वर्षाचंच हाय."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, सगळं गाव शेतात जेवतं; तीस वर्षं त्या कडब्याच्या कोपीत बसून डाळी-पाल्याची भज्जी अन् भाकरी खाल्ली. निम्मं शेत ह्यांच्या नावावर. त्या शेताचं मला काही वाटत नाही, पण कोपीत माझी जागा ठरलेली होती, आंबिलाच्या मडक्याशेजारी, वाढायला सोपं म्हणून.

२४ नोव्हें.

कशातच मन नाही. दोन पानं वाचली, परत पहिल्यापासून वाचली.

२७ नोव्हें.

उपसरपंच घरी आले. ह्यांनी त्यांच्या लग्नाचा अल्बम केला होता, त्यामुळं बोलताना जरा अडखळत होते.

"काकू, तुमच्यावर कुणाचा वैम न्हाई. पर एक सांगू का? आमावशेला कामून जाताव? पुनवेला जावा की! उजेड बी असतो, फोटो बी चांगला येईल."

 खरंच भाबडेपणानं म्हणाले होते. शेवटी मला हसू आवरेना आणि मग त्यांनाही. "काय चुकलं का काकू माझं?" म्हणाले. चांदण्यात तारे बुजतात हे सांगितलं. "मंग एक दिवस मागंपुढं?" हे मात्र बरोबर बोलले.

३० नोव्हें.

मनीही तेच म्हणाली. "एक दिवस उशिरा गेलीस तर आकाशात काय फरक पडतो गं?"

काही पडत नाही. दुसऱ्या दिवशीची कोर आठाच्या आत मावळते. तारे बोटभर सरकतात. फोटोत कुणाला कळायचं नाही.

पण एक दिवस उशिरा गेले की अमावस्येला मी काहीतरी वावगं करत होते हे मीच कबूल केल्यासारखं होतं. शिवाय ह्यांचे नऊ अमावस्येचे आणि माझा एक प्रतिपदेचा.

मनीला एवढंच म्हटलं, बघू. ती म्हणाली, "तुझं 'बघू' म्हणजे ठरलेलं असतं."

६ डिसें.

बाळाला आक्कांनी लातूरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले लोकरीचं. नवी टोपी-स्वेटर घातलं होतं, त्याचं. मलम दिलं. भिंतीवरूनच सांगितलं मला, हळू आवाजात. बरं वाटलं. पण येळवसचं काही बोलल्या नाहीत.

११ डिसें.

वाण्याकडं खडेमीठ मागितलं. दुकानात होत्या त्या दोघी बायका बोलायच्या थांबल्या. वाण्यानं पुडी दिली, पैसे हातात न घेता "ठेवा तिथं" म्हणाला. मी ठेवले. घरी येईपर्यंत रडू आलं नाही, आल्यावर आलं. हे असते तर दुकानातच त्याला म्हणाले असते, हनुवटी जरा खाली घे, हास जरा.

१५ डिसें.

ठरत नाही. रोज संध्याकाळी ठरतं, जाणार नाही. रोज सकाळी ठरतं, जाणार.

अन् येळवसच नेमकी मार्गशीर्ष अमावस्येला. गावच्या गाव शेतात असणार. मला कुणाच्या नजरेस न पडता वर चढायला तोच दिवस बरा. असा हिशेब केला आणि स्वतःचीच लाज वाटली. चोरासारखं कशाला.

१९ डिसें., शुक्रवार. येळवस.

दुपार. सकाळीच गाव रिकामं झालं. बैलगाड्या, टमटम, डोक्यावर घोंगडी पांघरून आंबिलाची मडकी. आता गल्लीत मी आणि कुत्री. कुत्रीसुद्धा कमी, बरीच शेतात गेलीत. घड्याळाचा आवाज येतो. पलीकडं आक्कांच्या अंगणात वाळत घातलेले बाळाचे लंगोट, तेवढेच हलतायत.

भज्जीचा वास नाकात बसलाय. पहाटे पलीकडं शिजत होती.

पिठलं केलं. गेलं नाही.

रात्री, परत आल्यावर.

निघताना उजेडातच निघाले, सरळ रस्त्यानं. कुणी होतंच नाही बघायला.

वर पोचेपर्यंत दिवस बुडला आणि खाली शेताशेतांत हेंडगे पेटले. कडब्याच्या पेंड्या पेटवून पिकाभोवती फेरी. दर वर्षी मी त्यांच्यात असायचे, वरून कधी बघितलं नव्हतं. जिथवर नजर जाईल तिथवर आगीच्या रेघा फिरताना. आरोळ्या, हसणं. वाटलं, आठपर्यंत विझेल. विझलंही. लोक घरी निघाले. उजेडाचा विचार मी केला होता, धुराचा केला नव्हता. वारा नाही, थंडी पडलेली. सगळ्या शिवाराचा धूर वर जाईना, जमिनीलगत गोधडीसारखा पसरला. ध्रुव दिसेना.

दगडावर बसून राहिले. रडायलाही कंटाळा आला होता.

तेवढ्यात खालून एक हेंडगा वर यायला लागला. हलत, थांबत, परत हलत.  चार-पाच माणसं असतील तर काय बोलायचं, ते मनात जुळवायला लागले.

आक्का होत्या. एकट्या. धापा टाकत.

"मेले गं बाई. किती उंच हाय हे. तू रोज चढतीस व्हय?"

"रोज न्हाई. महिन्यातून एकदा."

"बघाव म्हणलं एकदा काय करती ते. मंग कुणाला काय सांगायचं ते सांगता येईल." हेंडगा नाचवत कॅमेऱ्याजवळ आल्या.

"आक्का, तो विझवा आधी. सगळा उजेड कॅमेऱ्यात जातोय."

"विझवू? अंधारात बसू?"

"हाव."

मुरमात रगडून विझवला. मग दोघी काळ्या अंधारात. आक्कांनी माझा दंड धरला तो सोडला नाही. त्यांच्या लुगड्याला धुराचा आणि आंबिलाचा वास. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ते काय, उगवायलं?" ध्रुव नव्हता, त्याच्या बराच वर शर्मिष्ठेचे तारे धुरातून निघत होते. धूर खाली बसत चालला होता. वाट बघितली. आठ कधीच उलटून गेले. ह्यांचे सगळे आठाचे.

दर दहा मिनिटांनी एक काढला. आक्का प्रत्येक वेळी विचारायच्या, "निघाला का?" शेवटच्यात ध्रुव आला. अंधुक, तांबूस, खाली धुराचा पट्टा.

पडद्यावर दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बघितला.

"हे काय, रिकामंच हाय की."

"सप्तर्षी खाली गेलेत सध्या."

"कवा येतेत?"

"पौषात. दोनच येतेत आधी."

"आन् बाकीचे?"

"मागून."

उतरताना म्हणाल्या, "भाऊजी हेच करायचे व्हय एवढ्या वर्षं? मला वाटायचं बसून सिगारेट ओढतेत." मी म्हटलं, तेही करायचे.

२० डिसें.

सकाळी आक्कांनी भिंतीवरून डबा दिला. भज्जी, कालची. "रेणुकानं दिलाय," म्हणाल्या. रेणुकानं दिला असेल किंवा नसेल. खाल्ली. शिळी झाली की भज्जीला जास्त चव येते.

मार्गशीर्षाचा फोटो धरायचा का? आठाचा नाही, नवाच्या पुढचा आहे. धुरानं तांबडा झालाय. ह्यांनी धरला नसता. त्यांनी एकदा आषाढाचा अर्ध्या तासाच्या फरकानं टाकून दिला होता. मला मात्र टाकवत नाही. वहीत "झाला" लिहिलं, मग खोडलं, मग परत लिहिलं.

२४ डिसें.

धुरपताबाईनं गावात नवीन पसरवलंय: "आता दोघी जायलेत." आक्कांना सांगितलं तर त्या हसून खोकायला लागल्या. "सांग म्हणावं, तिसरी तूच ये. शेळ्या बी आण."

सगळं मिटलं असं नाही. वाण्यानं काल पैसे हातात घेतले. पण दोन बायका अजून रस्ता बदलतात. त्यांना दोष देत नाही, दमलेय.

३ जाने.

माळावर जेसीबी आला. संक्रांतीच्या आधीच. कुंपणाचे खांब रोवताहेत. काळा दगड कुंपणाच्या बाहेर आहे, जेमतेम. दुपारी जाऊन हात लावून आले.

१० जाने., शनिवार

काल रात्री अंगणातून दिसलं. माळाच्या ईशान्येच्या कोपऱ्यात पांढरा झगझगीत दिवा. सामान ठेवलंय तिथं, चोरी होऊ नये म्हणून. मी समजत होते संक्रांतीनंतर महिन्याभरानं, आणि हा आताच आला.

नेमकी तीच दिशा. क्रतू आणि पुलह तिथूनच वर येतात, जमिनीपासून वीतभर. तो दिवा असला तर त्या वीतभरात काहीच दिसायचं नाही. रिकामे दोन महिने मिळाले आणि ज्यात काहीतरी दिसायचं तोच जाणार.

झोप आली नाही. उगाच बेसीनचा नळ घट्ट करत बसले.

१३ जाने.

आक्कांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "दिवा कुणाचा हाय?" कंपनीचा. "बटन कुणाजवळ हाय?" वॉचमनजवळ असेल. "मंग वॉचमनला बोलायचं. कंपनीशी कशाला बोलायचं?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी अर्ज कुणाला करायचा ते शोधत होते.

१५ जाने.

संक्रांत काल झाली. आक्का तिळगुळाची पुडी घेऊन आल्या, मला घेऊन माळावर गेल्या. वॉचमन देगलूरकडचा, पन्नाशीचा, मराठीत तेलुगू मिसळून बोलतो. पत्र्याच्या खोलीत एकटाच. आक्कांनी तिळगूळ दिला, घरचं विचारलं, लेकरं किती, बायको कुठं. मग मुद्द्यावर.

"भाऊ, आईतवारी रात्री आठाला हा दिवा तासभर बंद ठेवता का?"

तो घाबरला. "अम्मा, दिवा बंद केलं न् काही चोरीला गेलं तर? साहेब मला काढून टाकतील."

मी माझ्या मोबाइलवर ह्यांचा चैत्राचा फोटो दाखवला. सातही तारे, खाली हाच माळ. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, आमच्या गावाकडं पण दिसतात हे, मोठं खाटलं म्हणतो आम्ही. मग परत म्हणाला, "साहेबाला विचारून सांगतो."

साहेब लातूरला. नंबर घेतला, माझा दिला.

परत निघालो. मी म्हटलं, तो विचारणार नाही, विचारलं तर ते नाही म्हणतील. आक्का म्हणाल्या, "न्हाई विचारलं तरच बरं. विचारलं की न्हाईच म्हणतेत."

१७ जाने.

फोन नाही. मी केला, उचलला नाही.

मनी म्हणाली, कॉम्प्युटरवर दोन तारे बसवून देते गं, नवऱ्याला येतं, कुणाला कळणारही नाही. प्रेमानंच म्हणाली. मी म्हटलं, ह्यांनी आयुष्यभर नवरीच्या गालावरचे डाग पुसले, एवढा एकच फोटो न पुसलेला होऊ दे.

"अन् दिवा बंद नाही झाला तर?"

तर दिव्याचा फोटो येईल. ते म्हणाले नाही तिला.

१८ जाने., रविवार. पौष अमा.

दिवसभर आभाळ स्वच्छ. एवढं स्वच्छ की भीती वाटली.

चारला परत फोन केला. वॉचमननं उचलला. "साहेबाला विचारलं नाही अम्मा," म्हणाला.  फोन चालूच. मागं रेडिओ वाजत होता. मग म्हणाला, "थंडी लई हाय, मफलर घालून या." आणि ठेवला.

याचा काय अर्थ घ्यायचा ते कळत नाही. आक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मफलर घाल."

संध्याकाळ. सामान बांधून झालं. आक्का खाली रस्त्यावर उभ्या, हाका मारतायत, "चल की गं, किती लिहायचं ते येऊन लिही."

अंगणातून माळाचा कोपरा बघितला. रोज एव्हाना दिवा लागलेला असतो. आज नाही लागला. अजून वेळ झाली नसेल, किंवा वीज गेली असेल, किंवा त्यानं

निघते.